मूकपटांना त्यांचा वेग परत द्या: सोलापुरात चित्रपट दाखवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सोलापूर महानगरपालिका,
शहरातील महाविद्यालयांचे पत्रकारिता व जनसंवाद विभाग,
आणि सोलापुरात चित्रपटांचे खेळ आयोजित करणारी सर्व मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ३ मेच्या सुमारास, म्हणजे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला त्या दिवसाच्या निमित्ताने, आणि एरवीही कधी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तर कधी निव्वळ हौसेने, आपल्या शहरात जुन्या मूकपटांचे एखाददुसरे भाग पडद्यावर दाखवले जातात. चित्रपटगृहाच्या केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून उमेदीची सारी वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या खेळांचे मनापासून कौतुक आहे. तरीही हे पत्र तक्रारीचे आहे आणि तक्रार एकच आहे. आपण मूकपट फार वेगाने दाखवतो. आपल्या हातातले यंत्र ज्या वेगाने चालते तोच चित्रपटाचा वेग, असे आपण धरून चालतो, आणि त्यामुळे ज्या माणसाने स्वतःच्या हाताने हँडल फिरवून ते चित्र टिपले त्याचे काम प्रेक्षकांपुढे मोडतोड होऊन येते. तो माणूस म्हणजे कॅमेरामन. आपल्या निमंत्रणपत्रिकांवर त्याचे नाव नसते, हीदेखील मला त्याच दुर्लक्षाची दुसरी बाजू वाटते.

‘राजा हरिश्चंद्र’ म्हटले की दादासाहेब फाळके आठवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. कथा, दिग्दर्शन, रंगभूषा, संकलन, इतकेच काय पण फिल्म रसायनात धुण्यापर्यंतची कामे त्यांनी अंगावर घेतली होती. परंतु चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्यामागे उभे असत ते त्र्यंबक तेलंग. तेलंग हे फाळक्यांचे स्नेही. त्यांना चलत्चित्राचा कॅमेरा चालवायला फाळक्यांनीच शिकवले, आणि १९१३ साली केलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘मोहिनी भस्मासुर’ या दोन्ही चित्रपटांच्या छायाचित्रणाचे श्रेय त्यांच्या नावावर आहे. या कामाची शाळा नव्हती, मराठीत पुस्तक नव्हते आणि चूक झाली तर विचारायला जावे असा दुसरा जाणकारही जवळपास नव्हता, अशा वेळी ज्याने हे काम पत्करले त्याच्याविषयी आपल्याला एका नावापलीकडे फारसे काही ठाऊक नसावे, ही गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे. निदान ते नाव तरी आपण उच्चारावे.

कॅमेरा विल्यमसन कंपनीचा होता. १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला गेले तेव्हा त्यांनी तो विकत घेतला आणि त्याबरोबर फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्रही घेतले, कारण कच्ची फिल्म तेव्हा भोकांविना येत असे आणि ती अंधारात बसून भोके पाडून घ्यावी लागे. या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा हात होता. कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी, पुढे भिंग, आत फिल्मची गुंडाळी आणि बाजूला हँडल. मोटार नाही, वीज नाही. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हँडलचा एक फेरा पुरा झाला की आठ चित्रे टिपली जात, आणि सेकंदाला दोन फेरे हा सर्वसाधारण रिवाज होता, म्हणजे सेकंदाला १६ चित्रे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात चित्रेही १६च बसतात. त्यामुळे मूकपटाचा हिशेब फार सोपा होतो: या वेगाने चालवली तर एक फूट फिल्म म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. ती १६ च्या वेगाने एक तास आणि वर पावणेदोन मिनिटे चालेल. आजच्या २४ च्या वेगाने ती ४१ मिनिटांत उरकेल. मधल्या वीस मिनिटांत नटांचे श्वास आहेत, थांबणे आहे, वळून पाहणे आहे, आणि प्रेक्षकाने चेहऱ्यावरचा भाव वाचण्यासाठी दिलेली सवडही आहे.

फाळक्यांना स्वतःला हा हिशेब किती नेमका ठाऊक होता याचा एक गमतीदार पुरावा आहे. सुरतेत खेळ लावला तेव्हा त्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा हा खेळ फक्त तीन आण्यांत पाहायला मिळेल. दोन मैलांचा दावा व्यापाऱ्याचा होता, कारण दोन मैल म्हणजे दहा हजार फुटांहून अधिक. सत्तावन्न हजारांचा आकडा मात्र जवळजवळ चोख आहे. त्याला १६ ने भागले तर साडेतीन हजार फुटांच्या आसपास लांबी निघते. आठाने भागले तर सात हजारांहून अधिक फेरे निघतात, आणि हे फेरे फक्त चित्रपटात राहिलेल्या भागाचे. वाया गेलेल्या, पुन्हा घेतलेल्या आणि कापून टाकलेल्या दृश्यांचे फेरे वेगळेच. तिकीट काढणाऱ्याला फाळके छायाचित्रे मोजून देत होते, आणि त्यांतले प्रत्येक छायाचित्र तेलंगांच्या मनगटातून गेले होते.

हाताच्या चालीवर कामाची प्रत ठरते हे सोलापूरकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. हातमागावर बसलेल्या विणकराचा ठोका कमीजास्त झाला की कापडाची वीण कुठे दाट, कुठे विरळ पडते, आणि तो दोष दुकानदाराच्या टेबलावर कापड उलगडताच दिसतो. कॅमेऱ्याचे हँडल फिरवणाऱ्याचेही तसेच होते. हात मंदावला की प्रत्येक चित्रावर प्रकाश अधिक वेळ पडतो आणि ते अधिक उजळ उमटते. हात घाईला आला की चित्र काळवंडते. शिवाय मंद हाताने टिपलेली हालचाल पडद्यावर भरभर दिसते आणि जलद हाताने टिपलेली रेंगाळते. म्हणजे एकाच हाताच्या चुकीने उजेडही बिघडतो आणि चालही बिघडते. चांगले कॅमेरामन मनातल्या मनात आकडे मोजत किंवा एखाद्या ठरलेल्या धुनीवर हात चालवत. समोर राजा राज्य सोडून निघाला असो की राणी मुलाला पोटाशी धरून बसली असो, मनगटाने त्या दुःखाची दखल घ्यायची नसते.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो, कारण त्यांतल्या काहींचा आपल्या मुद्द्याशी संबंध आहे. प्रकाश मोजण्याचे आजच्यासारखे उपकरण हाताशी नव्हते, उन्हाचा अंदाज नजरेने घ्यावा लागे. सेट उभे केले जात ते उघड्यावर, आणि ऊन मऊ करण्यासाठी वरून पांढरे कापड ताणत. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे, त्यामुळे कपाळावरचे कुंकू काळे येई आणि निळे आकाश पांढरे फटक पडे. एप्रिल-मे महिन्यातले आपले सोलापूरचे ऊन आठवा आणि त्या उन्हात ना सावली जळू द्यायची ना चेहरा विझू द्यायचा, हे निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर करायचे काम डोळ्यांपुढे आणा. हे सारे सांभाळून पुन्हा हात सेकंदाला दोन फेऱ्यांवर स्थिर ठेवायचा.

पौराणिक कथांत देव प्रकट होतात आणि ऋषी अंतर्धान पावतात. आजच्या विद्यार्थ्यांना या करामती बाळबोध वाटतात, पण त्या सर्वस्वी हँडलवर उभ्या होत्या. नट जागच्या जागी थांबवायचे, हँडल थांबवायचे, देवाचे काम करणाऱ्याला चौकटीत आणून उभे करायचे आणि पुन्हा हँडल सुरू करायचे. फिल्म जोडून दाखवली की देव क्षणात प्रकट होतो. एकावर एक चित्र उमटवायचे असेल तर भिंग झाकून फिल्म मोजून तेवढेच फेरे उलटी फिरवायची आणि त्याच पट्टीवर दुसऱ्यांदा चित्रण करायचे. एक फेरा चुकला की देवाचा पाय भिंतीत जातो. काळ आणि हँडल यांचे नाते फाळक्यांनी तर कथापटाच्या आधीच हाताळून पाहिले होते: कुंडीत वाटाणा पेरून, ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत त्यांनी रोप वाढण्याची क्रिया मिनिटभरात दाखवणारा लघुपट केला होता. ज्या घरात असा प्रयोग झाला त्या घरात कॅमेरा शिकलेल्या माणसाने वेगाकडे दुर्लक्ष केले असेल, असे मला वाटत नाही.

आता आपल्याकडे काय होते ते सांगतो. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि बोलपटांचे युग सुरू झाले. आवाज फिल्मच्या कडेवरच छापलेला असल्यामुळे फिल्म एका ठरलेल्या वेगानेच चालावी लागते, नाहीतर गाणे बेसूर होते. तो वेग सेकंदाला २४ चित्रांचा, म्हणजे मिनिटाला ९० फुटांचा. केबिनमधली आमची सगळी मशीन त्या वेगाला बांधलेली होती. मूकपट मिनिटाला ६० फुटांनी चालवायचा म्हटले तरी मोटार ऐकत नसे. शिवाय सावकाश चालीत मशीनच्या झडपेची, म्हणजे भिंगापाशी फिरत प्रकाश अडवणाऱ्या चकतीची, पाती दोन असली तर चित्र लुकलुकते म्हणून तीन पात्यांची झडप लागते, आणि कार्बनच्या दिव्याच्या उष्णतेसमोर फिल्म सावकाश नेणे धोक्याचेही असते. अशा अडचणींमुळे जुनी फिल्म दीडपट वेगाने दाखवण्याची सवय जगभर लागली. पुढे दूरचित्रवाणीने तीच सवय उचलली, त्यामागोमाग इंटरनेटने उचलली. परिणामी आपल्या दोन पिढ्यांची अशी समजूत झाली की शंभर वर्षांपूर्वीची माणसे पडद्यावर तुरुतुरु चालत आणि मान झटक्याने वळवत.

मध्यंतरी शहरातल्या एका कार्यक्रमात, कोणत्या ते सांगण्याची गरज नाही, एका मूकपटातला करुण प्रसंग याच दीडपट वेगाने दाखवला गेला. मागे कोणीतरी उडत्या चालीचे वाद्यसंगीत लावले होते. सभागृह खो खो हसले. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही, मीही त्यांच्या वयात हसलो असतो. पण त्यानंतर व्यासपीठावरून ‘त्या काळी तंत्र बाल्यावस्थेत होते’ असे सांगण्यात आले, तेव्हा मात्र मला राहवले नाही. बाल्यावस्थेत होती ती आमची दाखवण्याची रीत. हसे झाले ते शंभर वर्षांपूर्वी उन्हात उभ्या असलेल्या कॅमेरामनचे, आणि त्याची बाजू मांडायला सभागृहात कोणी नव्हते.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. मूकपटांचा वेग सगळीकडे एकच नव्हता. कोणी १६ ने टिपी, कोणी १८ ने, तर मूकपटांच्या शेवटच्या वर्षांत २० आणि त्याहूनही वर. मारामारीचे दृश्य चपळ दिसावे म्हणून कॅमेरामन मुद्दाम हात सावकाश चालवत. शिवाय चित्रपटगृहाचा चालक रात्रीचा शेवटचा खेळ लवकर संपावा म्हणून स्वतःचे हँडल जोराने फिरवी, ही तक्रार तेव्हाही होती. आमच्या धंद्याची ही खोड जुनी आहे, हे मी नाकारत नाही. तेव्हा सगळ्या मूकपटांना सरसकट १६ चा वेग लावा, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच आहे की वेग कोणीतरी बघून, विचार करून ठरवावा. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. चित्रात कुठे पाणी पडत असेल, धूर वर चढत असेल, पदर वाऱ्यावर हलत असेल, तिथे नजर ठेवावी. माणूस अभिनयात घाई करू शकतो, पाणी करत नाही. ते पाणी नेहमीसारखे पडू लागले की कॅमेरामनच्या हाताचा वेग सापडला असे समजावे.

आज हे काम किती सोपे झाले आहे याची कल्पना द्यावी म्हणून सांगतो. संगणकावरचा साधा व्हिडिओ प्लेअरही वेग कमीजास्त करू देतो. सेकंदाला २४ चित्रांनी भरलेली मूकपटाची फाइल १६ च्या वेगाने दाखवायची असेल तर वेग ०.६७ वर आणावा, १८ साठी ०.७५ वर, २० साठी ०.८३ वर. मात्र आधी एक खबरदारी घ्यावी लागते. काही प्रतींत प्रत्येक दुसरे चित्र दोनदा छापून १६ ची २४ केलेली असतात, अशी प्रत मूळ वेगानेच चालते, थोडी अडखळत चालते इतकेच. ती पुन्हा मंद केली तर पात्रे झोपेत चालल्यासारखी दिसतील. म्हणून खेळाच्या आदल्या दिवशी दहा मिनिटे बसून तपासणी करणे आवश्यक आहे. केबिनमध्ये आम्ही प्रत्येक नव्या चित्रपटाचे पहिले रीळ रिकाम्या सभागृहात चालवून पाहत असू, त्यातलाच हा प्रकार.

नावांचा मुद्दा आता घेतो. कॅमेरामन हा दिग्दर्शकाचा हरकाम्या असल्यासारखे आपण त्याला वगळतो, पण आपल्या चित्रपटाचा आरंभच कॅमेरामनपासून आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला. तो पाहून भारावलेले छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी लंडनहून २१ गिनींचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले त्या प्रसंगाचेही चित्रण त्यांनी केले. दिग्दर्शक नाही, नट नाही, कथा नाही. एक माणूस, एक कॅमेरा आणि समोर घडणारी गोष्ट. कुस्तीची आवड असलेल्या आपल्या जिल्ह्यात तरी हे वेगळे सांगायला नको की खडाखडीला, डाव टाकण्याआधीच्या त्या सावध फिरण्याला, स्वतःचा वेळ असतो. कोणत्याही आखाड्याचे चित्रण दीडपट वेगाने चालवून पाहा, डाव दिसणारच नाही.

दुसरे नाव शेजारच्या कोल्हापूरचे. बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. परदेशी कॅमेरा सहज मिळेना आणि परवडेना, तेव्हा बाबूरावांनी आपले शिष्य दामले यांच्या मदतीने कॅमेरा स्वतःच तयार केला. १९१८ साली तो पुरा झाला आणि त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० च्या फेब्रुवारीत पुण्यात आर्यन थिएटरात झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. पुढे ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते, आणि प्रभातच्या चित्रांचे देखणेपण कुठून आले हे शोधू लागलो की वाट बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या त्या घडवलेल्या कॅमेऱ्याकडेच जाते. कोल्हापूरने या कॅमेऱ्याच्या स्मरणार्थ खरी कॉर्नरजवळ कॅमेरा स्तंभ उभारला आहे. आपल्या जिल्ह्याने चित्रपटाला दिग्दर्शक दिले, नट-नट्या दिल्या, आणि त्यांचे सत्कारही आपण थाटाने करतो. मी स्तंभ मागत नाही. पत्रिकेवर ‘दिग्दर्शक’ छापतो त्याच्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘छायाचित्रण’ छापावे, आणि जिथे नाव निश्चित ठाऊक असेल तिथे ते द्यावे, एवढेच मागतो.

हा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. भारतात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांपैकी आज पूर्ण-अपूर्ण मिळून जेमतेम तीसेक हाती उरले आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चीही पहिली आणि शेवटची रिळेच शिल्लक आहेत, आणि ती मूळ १९१३ च्या चित्रपटाची की फाळक्यांनीच १९१७ साली नव्याने केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘कालिया मर्दन’ आज बराचसा सलग पाहता येतो तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून तुकडे मिळवून ते जुळवले म्हणून. त्या चित्रपटात बालकृष्ण झालेली मंदाकिनी ही फाळक्यांची मुलगी. तिचे हावभाव योग्य वेगाने पाहिले की लहान मूल कॅमेऱ्यासमोर किती मोकळे होते हे कळते. घाईने चालवले तर ती नुसती बाहुलीसारखी हलताना दिसते. जे थोडे उरले आहे ते तरी धडपणे दाखवले जावे, ही अपेक्षा अवास्तव नसावी.

महापालिकेकडे माझी विनंती हुतात्मा स्मृती मंदिरासंबंधी आहे. येत्या ३ मे रोजी तिथे एका मूकपटाचा खेळ ठेवावा, तो योग्य वेगाने आणि रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वादकांच्या साथीने. मूकपट सहसा मुका दाखवला जात नसे. पडद्याच्या कडेला पेटी, तबला, क्वचित सारंगी असे आणि वादक दृश्य पाहून वाजवत. शहरात भजनी मंडळांपासून संगीत विद्यालयांपर्यंत इतके वादक आहेत की बाहेरून कोणाला बोलावण्याचे कारण नाही. त्यांना चित्रपट निदान दोनदा आधी दाखवावा, आणि तोही ठरवलेल्या वेगानेच दाखवावा. नाहीतर सराव एका चालीवर आणि खेळ दुसऱ्या चालीवर, असा घोटाळा व्हायचा.

याहून महत्त्वाची, आणि सोलापूरलाच शक्य असलेली, एक गोष्ट सुचवतो. मूकपटात मधून मधून मजकुराच्या पाट्या येत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी सभागृहातला कोणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. आपल्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली घरे आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे घराघरांत कन्नड आहे, बाजारपेठेत उर्दू आहे. मराठी धरून या चारही भाषांत पाट्या वाचणारे चार जण रंगमंचाच्या कडेला बसवले तर हा खेळ सगळ्या शहराचा होईल. इथे वेगाचा मुद्दा पुन्हा येतो. पाटी पडद्यावर किती वेळ राहावी हे सावकाश वाचणाऱ्याच्या हिशेबाने ठरलेले असे. ती दीडपट वेगाने पळवली तर एका भाषेतही वाचून होणार नाही, मग चार भाषांची गोष्ट दूरच. चौघांना वाचायला वेळ कमी पडत असेल तर पाटीपुरते चित्र थांबवावे, पात्रांच्या हालचालींचा वेग मात्र बदलू नये.

महाविद्यालयांना एक वेगळी सूचना आहे. जनसंवादाच्या विद्यार्थ्यांना मूकपट शिकवताना एकदा तरी हाताने वेग धरायला लावावे. कॅमेरा नसला तरी चालेल. शिवणयंत्राचे हातचाक किंवा विहिरीचा रहाट, जे मिळेल ते सेकंदाला दोन फेरे अशा गतीने सलग तीन मिनिटे फिरवायला सांगावे, आणि त्याच वेळी समोरच्या मित्राच्या हालचालींवर नजर ठेवायला लावावी. पहिल्याच मिनिटात मित्र पळाला की हातही पळतो, हे त्यांच्या लक्षात येईल. त्यानंतर फाळक्यांच्या ‘लंकादहन’चे उरलेले तुकडे दाखवावेत. नट अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, ही गंमत विद्यार्थ्यांना आवडतेच, पण त्या दोन्ही भूमिकांकडे सारख्याच स्थिर हाताने कोणी पाहिले, हा प्रश्नही त्यांना विचारावा.

जाता जाता, ज्यांच्या घरी किंवा बंद पडलेल्या चित्रपटगृहाच्या माळ्यावर जुनी रिळे पडून असतील त्यांच्यासाठी एक इशारा. मूकपटांच्या काळातली फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते, पेटली की पाण्याने विझत नाही, आणि चाळीस अंशांवर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली रिळे हळूहळू चिकट होऊन वास मारू लागतात. अशी रिळे उघडून, दिव्यासमोर धरून किंवा यंत्रावर चढवून पाहण्याचा मोह टाळावा. डब्यावर काय लिहिले आहे ते नोंदवून ठेवावे, रिळे सावलीत आणि वस्तीपासून लांब ठेवावीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. ही संस्था १९६४ पासून हेच काम करत आली आहे. रद्दीवाल्याकडे आणि चांदी काढून घेणाऱ्यांकडे फिल्म गेली की काय होते, ते वर दिलेल्या आकड्यांवरून समजतेच.

३ मेच्या खेळाला परवानगी आणि सभागृह मिळणार असेल तर आदल्या दिवशी दुपारी दोन तास रिकामे सभागृह, पडदा आणि प्रोजेक्टर तपासणीसाठी उपलब्ध करून द्यावा, ही विनंती. वेग ठरवण्यासाठी मी स्वतः हजर राहीन. वादक आणि पाट्या वाचणारे त्याच वेळी आले तर सोयीचे होईल. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी तिचा मजकूर एकदा पाहायला मिळावा, म्हणजे छायाचित्रकाराचे नाव राहून गेले नाही याची खात्री करता येईल.

आपला नम्र,
सोलापुरातील एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर